मदत हवी आहे : प्रतवारीच्या लाइनवर टोमॅटोचे लॉट मिसळतात, खोक्यापासून प्लॉटपर्यंत माग कसा लावायचा?

मळेकरी

नमस्कार मंडळी. १४ शेतकऱ्यांच्या गटाचं एक पॅकहाउस आहे. मुख्य माल टोमॅटो, जोडीला काकडी आणि पालक. प्रत्येक प्लॉटला नंबर दिलेला आहे. तोडणी झाली की शेतातच क्रेटला बिल्ला लागतो, त्यावर शेतकरी, प्लॉट आणि तारीख असते. वजनकाट्यापर्यंत सगळं नीट चालतं.

गोंधळ त्यानंतर होतो. क्रेट पाण्याच्या टाकीत ओतले जातात, तिथून माल ब्रशवर, मग आकाराप्रमाणे पाच टेबलांवर. ताशी साधारण २ टन माल निघतो. एका प्लॉटचे क्रेट संपले की लगेच दुसऱ्याचे ओततात. खोक्यावर फक्त पॅकिंगची तारीख असते, म्हणजे खोका हातात घेऊन प्लॉट सांगता येत नाही.

आता खरेदीदाराची अट आली आहे. तो कोणताही एक खोका निवडणार आणि ४ तासांत प्लॉट, फवारणीची नोंद आणि त्याच लॉटचा बाकीचा माल कुठे गेला, हे तिन्ही दाखवायचं. माझे प्रश्न असे :

१. लॉट नेमका कुठे तोडायचा? दर प्लॉटला लाइन थांबवली तर दिवसाचा माल उरकणार नाही.
२. लॉट नंबर कसा बनवायचा?
३. यासाठी सॉफ्टवेअर घ्यावंच लागतं का?
४. कुणाचे २०० किलो, कुणाचे ३०० किलो येतात. त्यांचं काय करायचं?

गाळणी

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक जण पैसे तिथेच घालवतात. सॉफ्टवेअर तुम्ही दिलेली माहिती सांभाळतं. दोन प्लॉटचा माल टेबलावर एकत्र झाला असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर तो वेगळा करू शकत नाही. आधी माल जिथे जिथे मिसळतो त्या जागा शोधा. तुमच्या वर्णनावरून तीन दिसतात : टाकी, पाच टेबलं आणि दिवसअखेर उरलेला माल. या तीन जागा आवरल्या की १४ शेतकऱ्यांचा हिशेब साध्या रजिस्टरवरही ४ तासांत निघतो.

लॉटची व्याख्या कागदावर लिहून भिंतीवर लावा : एक प्लॉट, एक फवारणीचा इतिहास, पाण्याचा एक स्रोत, तोडणीचा एक दिवस, एक टोळी. यातलं एक जरी बदललं तरी लॉट बदलला. अर्ध्या प्लॉटवर परवा फवारणी झाली आणि अर्ध्यावर नाही, तर ते दोन लॉट आहेत, मालक एकच असला तरी.

लाइन थांबवण्याची भीती मोजून बघा, म्हणजे कमी होईल. टाकीपासून शेवटच्या टेबलापर्यंत पट्टा २४ मीटर आणि वेग सेकंदाला २० सेंटिमीटर धरला, तर शेवटचं फळ २ मिनिटांत पुढे जातं. खरा वेळ टेबलांवर जातो. प्रत्येक टेबलावर ५०-६० किलो फळ साठलेलं असतं, आणि लॉट बदलल्यावर भरलेल्या पहिल्या काही खोक्यांत जुन्या लॉटची शेपटी येते. त्यावर दोन उपाय आहेत.

पहिला : ओतणं थांबवा, टेबलं रिकामी करा, मग पुढचा लॉट घ्या. पाच-सहा मिनिटं जातात. दिवसाला आठ लॉट असतील तर पाऊण तासाच्या आत काम होतं.

दुसरा : लाइन चालू ठेवा, पण बदलाच्या वेळी भरलेल्या खोक्यांना वेगळा 'मिश्र लॉट' नंबर द्या आणि त्याचे दोन्ही जनक लॉट (ज्यांच्यापासून तो बनला ते) नोंदवा. चाचणीत मिश्र खोका निघाला तर दोन प्लॉट सांगावे लागतील. ते चालतं, फक्त ते दोनच आहेत हे सिद्ध करता आलं पाहिजे.

मी पहिल्या उपायाच्या बाजूने आहे. दुसऱ्यात 'बदल नेमका कधी संपला' हे टेबलावरच्या माणसाच्या अंदाजावर राहतं, आणि गर्दीच्या दिवशी तो अंदाज चुकतो.

छोट्या मालासाठी : २००-३०० किलोचे लॉट मुद्दाम एकत्र करा, पण ओतण्याआधी ठरवून. जास्तीत जास्त तीन जनक, आणि तिघांचे वजन मिश्र लॉटच्या कागदावर आधी लिहायचं. लॉट केवढा मोठा ठेवायचा याचं माप एकच : गडबड निघाली तर एका वेळी किती माल परत बोलवायची आणि फेकायची तुमची तयारी आहे?

निर्मळ

गाळणी यांनी टेबलांचं उत्तम सांगितलं. पण टाकीतल्या पाण्याबद्दल अजून कुणी बोललेलं नाही, आणि सगळ्यात मोठी चूक तिथे लपते.

टाकीचं पाणी दिवसभर तेच फिरत असेल तर कागदावर आठ लॉट असले तरी जंतूंच्या दृष्टीने तो एकच लॉट असतो. सकाळच्या पहिल्या प्लॉटमधून काही आलं आणि पाण्यात टिकलं, तर संध्याकाळच्या शेवटच्या प्लॉटपर्यंत पोचतं. आठ लॉट खरोखर वेगळे आहेत असं म्हणायचं असेल तर पाणी जंतुमुक्त होतं याची वेळेसकट नोंद हवी. क्लोरीन घालतो ते फळ निर्जंतुक करायला नाही, ते काम त्याच्याने पूर्ण होत नाही. एका फळावरचं दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून घालतो.

काय मोजायचं :

मुक्त क्लोरीन. टोमॅटोच्या टाकीत साधारण १०० ते १५० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) ठेवतात. एकूण क्लोरीन मोजून उपयोग नाही. माती, पानं आणि फुटलेल्या फळांचा रस क्लोरीन खाऊन टाकतात, तो भाग एकूण आकड्यात दिसत राहतो पण काम करत नाही.

पीएच ६.५ ते ७.५. पीएच ७ ला मुक्त क्लोरीनपैकी तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग कामाच्या रूपात, म्हणजे हायपोक्लोरस आम्लात असतो. ७.५ ला निम्मा, ८ ला जेमतेम पाव. सोडियम हायपोक्लोराइट स्वतःच पीएच वाढवतं, म्हणून नुसतं तेच ओतत राहिलं की तपासणीच्या पट्टीवर क्लोरीन भरपूर दिसतो आणि असर उतरत जातो. सायट्रिक आम्लाने पीएच खाली आणा. पण ६ च्या खाली जाऊ देऊ नका, क्लोरीनचा वायू सुटतो, माणसांना त्रास होतो आणि यंत्र गंजतं.

तापमान. हे बहुतेकांना माहीतच नसतं. पाणी फळाच्या गाभ्यापेक्षा साधारण ५-६ अंश जास्त गरम हवं. गरम फळ थंड पाण्यात पडलं की आतली हवा आकसते आणि देठाच्या खाचेतून पाणी आत ओढलं जातं. पाण्यात जे असेल ते फळाच्या आत जातं, मग वरून कितीही धुतलं तरी निघत नाही. गाभा ३० अंश असेल तर पाणी ३५-३६ हवं. पाणी तापवायची सोय नसेल तर तोडलेला माल आधी सावलीत काही तास ठेवा. गाभा उतरतो आणि देठाची खाचही सुकते. नाहीतर टाकी सोडून फोमच्या उतारावर कोरडा ओता. फळ पाण्यात २ मिनिटांपेक्षा जास्त राहू नये, आणि थरांवर थर साचून खालची फळं खोल दाबली जाऊ नयेत, दाबानेही पाणी आत शिरतं.

आता याचा मागाशी संबंध. समजा ११ वाजता मोजमाप बरोबर आलं आणि १२ वाजता क्लोरीन शून्य निघाला. मधल्या तासात तो कधी संपला हे सांगता येत नाही, म्हणून ११ पासूनचा सगळा माल संशयित. ताशी २ टन म्हणजे २ टन अडकले. तेच दर १५ मिनिटांनी मोजलं असतं तर ५०० किलो. मोजणीची वही आणि लॉट ओतल्याची वही एकच ठेवा, एकाच घड्याळावर. वेगवेगळ्या वह्या, वेगवेगळी घड्याळं असली की तपासणीत काहीच जुळत नाही.

मळेकरी

निर्मळ, खूप आभार. पाणी सध्या दिवसातून एकदा बदलतं आणि मोजणी सकाळी एकदाच होते. ते आजच बदलायला सांगतो. लॉट नंबरचं कुणी सांगेल का? बारकोडचीही अट आहे.

पट्टीवाला

लॉट नंबर फक्त अंकी ठेवा, अक्षरं नकोत. कारणं दोन. बारकोडच्या लॉटच्या जागेत देवनागरी चालतच नाही, रोमन अक्षरं आणि आंतरराष्ट्रीय अंकच चालतात, आणि रोमनमधलं शून्य आणि 'ओ' ओल्या लेबलावर ओळखू येत नाहीत. दुसरं, नुसते अंक असले आणि त्यांची संख्या सम असली की दोन अंक एका चिन्हात बसतात, त्यामुळे बारकोड आखूड होतो.

दहा अंकी रचना सुचवतो : शेतकरी २, प्लॉट २, वर्षाचा शेवटचा अंक १, वर्षातला दिवस ३, टोळी २. उदाहरणार्थ ०७०३५१४२०१ म्हणजे शेतकरी ०७, प्लॉट ०३, वर्षाचा शेवटचा अंक ५, दिवस १४२ (लीप वर्ष नसेल तर २२ मे), टोळी ०१. मिश्र लॉट ९९ ने सुरू करा, म्हणजे नंबर बघताच कळतं की जनक शोधायला मिश्र लॉटच्या कागदाकडे जायचं.

वर्षातला दिवस वापरणं जुनं आणि खात्रीचं आहे. २००६ साली अमेरिकेत पालकातून ई-कोलाय ओ१५७ हा रोगजंतू पसरला तेव्हा रुग्णांच्या घरी सापडलेल्या पाकिटांवर 'पी२२७ए' असा कोड होता. २२७ म्हणजे वर्षातला २२७वा दिवस, १५ ऑगस्ट, आणि शेवटचं अक्षर म्हणजे पाळी. तपास तिथून एका कारखान्याच्या एका दिवसाच्या एका पाळीवर आला आणि मग शेतांकडे वळला. पाकीट फेकून न दिलेल्या मोजक्या घरांमुळे हे जमलं. म्हणून कोड मोठ्या खोक्यावर असतो तसाच किरकोळ पाकिटावरही छापा.

एक चूक टाळा : प्लॉटमध्ये नवीन लागवड झाली की नवा नंबर द्या, जुना पुन्हा वापरू नका. नाहीतर मागच्या पिकाची फवारणी या पिकाच्या नावावर दिसते.

खोक्याच्या बारकोडसाठी जीएस१-१२८ हा आंतरराष्ट्रीय नमुना घ्या. त्यात तीन गोष्टी, या क्रमाने (कंसातला आकडा पुढे काय येतं ते सांगतो) : (०१) आणि पुढे १४ अंकी जीटीआयएन म्हणजे उत्पादनाचा ओळख क्रमांक, (१३) आणि पॅकिंगची तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सहा अंकी, शेवटी (१०) आणि लॉट. लॉट शेवटी का? त्याची लांबी ठरलेली नसते, २० पर्यंत काहीही चालते. तो मध्ये ठेवला तर त्याच्यानंतर विभाजक चिन्ह द्यावं लागतं. ते विसरलं की स्कॅनर तारखेचे अंकही लॉटमध्ये ओढून घेतो आणि मग खरेदीदाराच्या संगणकात असा लॉट सापडत नाही. हे तिन्ही मिळून ३६ अंक होतात, मर्यादा ४८ ची आहे.

जीटीआयएन उत्पादनाचा, शेतकऱ्याचा नाही. टोमॅटो, मोठा आकार, १० किलोचा खोका याला एक. तोच माल ५ किलोत असेल तर दुसरा. शेतकरी फक्त लॉटमध्ये दिसतो. पॅलेटला (खोके रचून उचलायच्या पाटाला) वेगळा १८ अंकी एसएससीसी, म्हणजे त्या पॅलेटचा स्वतःचा ओळख क्रमांक लागतो, आणि पॅलेटवर कोणत्या लॉटचे किती खोके आहेत ही यादी त्याच्याशी जोडलेली हवी.

लेबलाबद्दल : उष्णतेने काळं होणारं साधं थर्मल लेबल उन्हात आणि गरम गाडीत पुसट होतं. रिबनवालं छापा, मेण-राळेची मिश्र रिबन आणि कागदाऐवजी प्लॅस्टिकचं लेबल. चिकटवताना खोका कोरडा हवा. थंड खोलीतून बाहेर काढलेल्या घामेजलेल्या खोक्यावर लावलं तर वाटेत गळून पडतं. बारकोडच्या दोन्ही कडांना कोरी जागा सोडा, टेपपट्टी त्यावर येऊ देऊ नका.

सरीवरंबा

शेताच्या बाजूचं थोडं. माग शेवटी इथे येऊन थांबतो, आणि इथली वही अर्धी असेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

फवारणीच्या नोंदीत नुसतं औषधाचं नाव पुरत नाही. तारीख आणि वेळ, प्लॉट नंबर, व्यापारी नाव आणि त्यातला सक्रिय घटक, बाटलीवरचा बॅच नंबर, प्रति लिटर मात्रा, एकूण किती लिटर द्रावण लागलं, फवारणाऱ्याचं नाव, पीएचआय (फवारणी आणि तोडणी यांत सोडायचं अंतर) किती दिवस आणि त्यावरून येणारी तोडणीची सगळ्यात लवकरची तारीख. ही शेवटची तारीख फवारणीच्याच दिवशी लिहायची. तोडणीच्या आदल्या रात्री हिशेब करायला बसलं की दिवस सोयीप्रमाणे मोजले जातात. टोळी शेतात उतरायच्या आधी मुकादमाने ती तारीख बघून सही करायची, सही नाही तर क्रेट उचलायचे नाहीत.

एकूण द्रावण का लिहायचं? मात्रा कागदावर बरोबर असते, पण क्षेत्राच्या मानाने द्रावण दुप्पट लागलेलं असेल तर एकरी औषधही दुप्पट गेलं. अवशेष मर्यादेबाहेर आले तर कारण बहुधा इथेच सापडतं. शेजारच्या प्लॉटवर वाऱ्याने तुषार जातात, त्यासाठी वाऱ्याची दिशाही लिहून ठेवा.

क्रेटचा बिल्ला : रिकामा क्रेट शेतात परत जाताना जुना बिल्ला काढलाच पाहिजे. दोन बिल्ले असलेला क्रेट म्हणजे माग तुटलेला क्रेट, तो बाजूला काढा. सगळ्यात सोपा उपाय असा की क्रेट धुण्याच्या जागी बिल्ला काढल्याशिवाय क्रेट रचायचा नाही. कागदी बिल्ला दवाने भिजतो, शाई पसरते. प्लॅस्टिकचा घ्या, वर शिसपेन्सिल किंवा न पुसणारा मार्कर.

पालकाच्या बाबतीत तर शक्य असेल तर शेतातच खोका भरा. लाइनवर आणायचाच नाही, म्हणजे मिसळायचा प्रश्न येत नाही. कापणीच्या विळ्या प्लॉट बदलताना धुऊन निर्जंतुक करा. पालक कापल्यावर कापलेल्या कडा उघड्या असतात, पातं एका प्लॉटचं दुसऱ्यात नेतं.

थंडखोली

एक जोड. तुमचे तीनही माल एकाच गाडीत जात असतील तर थांबा. पालकाला ० ते २ अंश लागतात, टोमॅटो आणि काकडीला १०-१२ च्या खाली थंडी बाधते. टोमॅटोची चव आणि रंग बिघडतो, काकडीवर खोलगट पाणीदार डाग पडतात. शिवाय पिकणारा टोमॅटो इथिलीन हा पिकवणारा वायू सोडतो, त्याने काकडी आणि पालक दोन्ही पिवळे पडतात.

मागाच्या दृष्टीने : तापमानाचा लॉगर (सतत नोंद ठेवणारं यंत्र) गाडीत ठेवतात, पण त्याचा नंबर पॅलेटशी जोडत नाहीत. मग आलेख हातात असतो आणि तो कोणत्या मालाचा हे कळत नाही. लॉगरचा नंबर, पॅलेटचा एसएससीसी, गाडी नंबर आणि सीलचा नंबर एकाच ओळीत लिहा. आणि गाडीत चढवताना हवेचं नव्हे, फळाच्या गाभ्याचं तापमान टोचून बघा. रीफर गाडी थंड माल थंड ठेवते, गरम माल थंड करण्याची ताकद तिच्यात नसते. ते काम प्रीकूलिंगचं, म्हणजे चढवण्याआधी माल थंड करण्याचं.

मळेकरी

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न. चाचणी येण्याआधी आपल्या आपण कशी करून बघायची? आणि पालकाच्या हिशेबात एक विचित्र गोष्ट दिसते, आलेल्या मालापेक्षा भरलेला माल जास्त भरतो.

गाळणी

पालकाचं सोपं आहे. धुतल्यावर पानावर पाणी राहतं, वजन वाढतं. ओल्या पालकाचा वजनावरचा हिशेब कधीच जुळणार नाही. दहा-बारा खोक्यांवर धुण्याआधी आणि निथळल्यानंतर वजन करून तुमची टक्केवारी काढा आणि तीच हिशेबात वापरा. मात्र टोमॅटोचा हिशेब शंभर टक्क्यांच्या वर गेला तर ते गंभीर आहे. त्या लॉटच्या नावावर दुसऱ्याचा माल भरला गेला असा त्याचा अर्थ.

चाचणी दोन्ही दिशांनी करा. आधी उलटी : गोदामातला नाही, आधीच विकल्या गेलेल्या मालाचा एक लॉट नंबर घ्या आणि प्लॉट, तोडणीची तारीख, टोळी, शेवटची फवारणी, टाकीच्या त्या वेळच्या नोंदी इथपर्यंत पोचा. मग सुलटी : त्या लॉटचे सगळे खोके कोणत्या पॅलेटवर, कोणत्या गाडीने, कुणाकडे गेले. वेळ लावा, आणि रोज ती वही लिहिणाऱ्या माणसाला हे काम देऊ नका. त्याला आठवणीतून उत्तरं येतात, वहीत काय कमी आहे ते दिसत नाही.

मग वजन जुळवा. समजा लॉटचं आलेलं वजन २,४०० किलो. १० किलोचे २१२ खोके म्हणजे २,१२०. फेकमाल आणि हलकी प्रत २४६. टेबलावरून मिश्र लॉटमध्ये गेले २०. बेरीज २,३८६, फरक १४ किलो. म्हणजे ०.६ टक्के. वजनकाट्यावर काही खोके परत तोला : खोक्यामागे ६५ ग्रॅम जादा निघाले तर १४ किलो तिथेच सापडले. फेकमाल न तोलणाऱ्या पॅकहाउसचा हिशेब कधीच बसत नाही, म्हणून उकिरड्यावर जाणारा क्रेटही लॉटच्या नावावर तोला.

आणि खरेदीदार माल पुन्हा भरतो का ते विचारा. २००८ साली अमेरिकेत साल्मोनेला या जंतूच्या साथीत आधी टोमॅटोवर संशय गेला होता, दोष नंतर तिखट मिरच्यांमध्ये सापडला. टोमॅटोचा माग काढणं अवघड होण्याचं एक मोठं कारण असं की मधले व्यापारी आकार आणि रंगाप्रमाणे माल पुन्हा निवडून, अनेक शेतांचा एकत्र करून नव्या खोक्यात भरतात. तुमचा खरेदीदार तसं करत असेल तर तुमचा लॉट नंबर त्याच्या नव्या खोक्याच्या नोंदीत जनक लॉट म्हणून उतरेल, हे करारात लिहून घ्या. परत आलेला मालही लाइनवर पुन्हा ओतू नका. त्याला स्वतःचा नंबर द्या आणि वेगळ्या जागी ठेवा, नाहीतर मागच्या आठवड्यातलं फळ आजच्या लॉटमध्ये निघतं.

मळेकरी

परत आलेला माल आत्तापर्यंत सरळ दुसऱ्या प्रतीच्या टेबलावर जात होता. त्यासाठी खोलीचा एक कोपरा आखून घेतो. टाकीची दर १५ मिनिटांची मोजणी आणि लॉट ओतण्याच्या वेळा एका तक्त्यात मांडून इथेच टाकतो. निर्मळ आणि गाळणी, कृपया रकाने तपासून द्या.

निर्मळ

नक्की. रकान्यांत एक गोष्ट आधीच घालून ठेवा : मोजमाप मर्यादेबाहेर आलं तर काय केलं, कुणी केलं आणि पुन्हा मोजल्यावर आकडा काय आला. नुसता चुकलेला आकडा लिहून पुढे गेलेली ओळ तपासणीत सगळ्यात आधी पकडतात. ओतणं थांबवायचा अधिकार टाकीवर उभ्या असलेल्या माणसालाच द्या. सुपरवायझर येईपर्यंत वाट बघायची ठरली तर तेवढ्या वेळात दहा मिनिटांना ३०० किलोच्या वर माल पुढे जातो.